राक्षसाचं होमपेज

कर्जतच्या बाजारपेठेत माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे, आणि या धंद्यात मी जेवढा मार खाल्लाय तेवढा आमच्या तालुक्यातल्या एकाही पैलवानानं आखाड्यात खाल्ला नसेल. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर चुलत्याचा फोटो पुतण्यापेक्षा बोटभर लहान आला म्हणून एकदा माझ्या डोक्यात स्टूल बसलं. शुभेच्छुकांच्या रांगेत एकाचं तोंड दुसऱ्याच्या खांद्यामागं गेलं म्हणून पुन्हा एकदा तेच स्टूल. माझी कवटी आतून स्टीलची आहे असं डॉक्टर म्हणतात. म्हणजे म्हणाले असते, मी विचारायला गेलो नाही एवढंच. पण हा सगळा किरकोळ मार. घाऊक मार मला मिळाला तो वेबसाइटपायी.

माझी सासुरवाडी खालापूरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. गावाचं नाव सांगत नाही, कारण मला तिथं अजून जेवायला जायचं असतं. गावात दोन आळ्या, वरची आणि खालची. मधे होळीचं मैदान. आणि दोन्ही आळ्यांचं मिळून एक कलामंडळ. भजनं करतं, जत्रेला नाटक बसवतं, पण पंचक्रोशीत मंडळाचं नाव आहे ते धुळवडीच्या राक्षसासाठी.

होळीची राख गरम असते तेव्हा सकाळी राक्षस निघतो. अंगावर गोणपाटाचा अंगरखा, आत भाताचा पेंढा ठासून भरलेला, तोंडाला सावरीच्या लाकडाचा मुखवटा. मुखवट्याचे सुळे रानडुकराचे. तो दारोदार नाचतो, चुलीवरची भाकरी पळवतो, पोरांना मुतवतो, आणि शेवटी मैदानात येऊन उभा राहतो. मग गावातल्या प्रत्येक घरातून एक माणूस येतं आणि निरगुडीच्या ओल्या काठीनं त्याला एक फटका देतं. खोटा खोटा नाही, पाठ फोडणारा. घरातलं आजारपण, भांडण, लागलेली नजर, सगळं त्या फटक्यातून राक्षसाच्या अंगावर जातं आणि वर्ष सुखाचं जातं, अशी समजूत. पहिल्या काठीचा मान वरच्या आळीचा. ती काठी राक्षसाला पकडते. शेवटच्या काठीचा मान खालच्या आळीचा. ती राक्षसाला पाडते. एक पकडतो, एक पाडतो, दोघं सारखे. माझ्या आजेसासऱ्यांच्या आज्याच्या काळापासून यावरून कधी भांडण झालं नव्हतं. भांडायला दुसरे विषय होते.

राक्षस म्हणजे माझे सासरे. मला मुलगी द्यायच्या आधीपासून ते राक्षस होते, आणि मला हे लग्न ठरल्यावर सांगण्यात आलं. एरवी हा माणूस इतका मऊ की अंगणातल्या कोंबडीलासुद्धा 'जरा सरकतेस का' अशा सुरात हुसकावतो. पण धुळवडीला तो मैदानात पाय रोवून पाठ पुढं करायचा आणि सगळं गाव त्याला झोडपायचं. पेंढा वरची आळी संपेपर्यंत टिकतो, पुढं नुसती पाठ. नंतर चार-सहा दिवस ते पालथे पडून असायचे आणि सासूबाई त्यांना शेकायच्या. कशानं, तर निरगुडीच्याच पाल्यानं. ज्या झाडानं मारायचं त्याच झाडानं बरं करायचं.

एकदा शेकताना मी त्यांना विचारलं होतं, मामा, कशाला हे. ते उशीत तोंड खुपसूनच म्हणाले, "मारताना लोक रडतात, जावय. मान वळवली की मुकवट्याच्या भोकातून मला दिसतं. बाकीच्यांना नाय दिसत."

असं सगळं छान मारहाणीचं चाललं होतं. मग शहरातल्या कुठल्याशा लोककला महोत्सवातल्या बाईंचा मंडळाला फोन आला. राक्षसाबद्दल ऐकलंय, बोलवायचा विचार आहे, मंडळाची वेबसाइट आहे का? मंडळाचा अध्यक्ष वरच्या आळीचा, पोल्ट्रीवाला. त्यानं बिनदिक्कत सांगितलं, हाय की, जोरात चालू हाय, आणि फोन ठेवून लगेच मला लावला. खजिनदार खालच्या आळीचा, जेसीबीवाला. दोघं मिळून माझ्या दुकानात आले. एकाच मोटारसायकलवर आले, हे लक्षात ठेवा. नंतर त्यांना एका गावात ठेवायची सोय उरली नाही.

वेबसाइट म्हणजे काय हे मी त्यांना त्यांच्या भाषेत समजावलं. म्हटलं, हा एक फ्लेक्सच आहे. फक्त हा वाऱ्यानं फाटत नाही, नगरपालिकेची माणसं उतरवत नाहीत आणि जगभर एकाच वेळी लागतो. हे वाक्य पुढं फार महाग पडलं. पण वाक्य म्हणून मला ते अजूनही चांगलंच वाटतं.

तयार साच्यातली वेबसाइट घेतली, आठवडाभरात उभी केली. वर मंडळाचा इतिहास लिहिला. तो मी लिहिला असल्यामुळं बराच मोठा झाला. शिवकालापर्यंत नेला होता, पण सासरे म्हणाले तेव्हा आमचं गाव तिथं नव्हतं, मग थोडा मागं आणला. आणि खाली गॅलरी. धुळवडीला मी शाळेच्या कठड्यावर उभं राहून प्रत्येक घराच्या काठीचा फोटो काढला होता. पहिल्या काठीपासून शेवटच्या काठीपर्यंत सगळे ओळीनं चढवले. प्रत्येकाखाली घराचं नाव. एकही घर सोडलं नाही. कोणी म्हणेल यात चूक कुठं झाली? माझी कुठंच झाली नाही. मी हे पोलीस ठाण्यातही सांगितलं.

झालं असं की वेबसाइटची आपली एक रीत असते. जे शेवटी चढवलं ते सगळ्यात वर. त्यामुळं होमपेज उघडलं की पहिला दिसायचा जेसीबीवाला, काठी उगारलेली, दंडाच्या बेडकुळ्या फुगलेल्या, मागं डोंगर. आणि पोल्ट्रीवाला, ज्याची पहिली काठी, तो पार तळाशी. तळाशी म्हणजे किती, तर आधी 'आणखी पाहा' असं एक बटण दाबावं लागायचं, आणि ते बटण त्या गावात कुणीही कधी दाबलं नाही. आपल्याला कुणी आणखी काय दाखवणार, असा तिथला बाणा.

पोल्ट्रीवाला दुकानात आला तेव्हा मी लग्नाचा फ्लेक्स छापत होतो. त्यानं काही विचारलं नाही. आधी थोबाडीत दिली, मग खुर्ची ओढून बसला. ती थोबाडीत अशी की शेजारच्या वडापाववाल्याच्या कढईतलं तेल हललं आणि पुढचे काही दिवस माझ्या डाव्या कानात फक्त कोंबड्या ओरडत होत्या. मी त्याला वेबसाइटची रीत समजावून सांगितली. कॉम्प्युटरच तसं लावतो, मी नाही.

"कॉम्प्युटरला मान कळत नाय, बराबर हाय," तो म्हणाला. "तुला कळतो ना? पयला फ्लेक्स कुनाचा लागतो ते तुला कळतं, आन् पयली काठी कुनाची ते नाय कळत?"

मी तिथल्या तिथं सेटिंग उलटं केलं. जुने आधी, नवे नंतर. पोल्ट्रीवाला वर आला, मिशीवर हात फिरवून गेला. जाताना फ्लेक्सच्या मशीनला एक लाथ घातली. सवयीनं.

दुसऱ्या दिवशी जेसीबीवाला आला. तो जेसीबी घेऊनच आला. बाजारपेठेच्या त्या बोळात बकरी वळवायला मागंपुढं करावं लागतं, तिथं त्यानं आख्खा जेसीबी घातला. मांजर पिल्लाची मान धरते तशी माझ्या दुकानाची पाटी त्यानं बकेटच्या दातांत अलगद धरली, आणि मग उंदराची मोडते तशी मोडली. खाली उतरून आत आला. मला म्हणाला, पावनं, हात दाखवा बघू कुठल्या हातानं खाली नेलंत आमाला. मी काही तरी बोलत शटरच्या चौकटीला हात टेकून उभा होतो. त्यानं शटर ओढलं. माऊसचा हात होता. दोन बोटांची नखं काळी पडून गळाली, आणि नवी आली ती आजपर्यंत वाकडी आहेत.

डाव्या हातानं मी रात्र न् दिवस सेटिंग चाळलं. तिसरा पर्याय सापडला. नवे आधी, जुने आधी, आणि कसेही. 'कसेही' निवडलं की प्रत्येक वेळी पान उघडताना फोटो निराळ्या क्रमानं येतात. मला वाटलं देव भेटला. पोल्ट्रीवाल्यानं उघडलं, दोन-चारदा बोट ओढलं की कधी ना कधी तो पहिला. जेसीबीवाल्याचंही तेच. दोघंही आपण पहिले येईपर्यंत बोट ओढत बसायचे, आले की लगेच त्याचा फोटो काढून स्टेटसला टाकायचे. मी दोघांनाही सांगितलं, आता तुम्हीच वर. यात खोटं काहीच नव्हतं.

वैशाखात दोन्ही आळ्यांना आवतण असलेली एक हळद होती, आणि हळदीला मटणाच्या पंगतीत हे दोघं पाठीला पाठ लावून बसले. मधे कुणी तरी शहाण्यानं विचारलं, वेबसाइटवर पहिला कोण रं? दोघांनी एकदम फोन काढले. दोघं एकदम पहिले होते.

त्या हळदीचं वर्णन मी कुणालाही पूर्ण सांगत नाही, कारण कुणी पूर्ण विश्वास ठेवत नाही. रश्शाची डेग उलटली. ती जिथून वाहिली तिथं अजून गवत उगवत नाही. खुर्च्या आधी उचलल्या, मग मोडल्या, मग त्यांच्या पायांनी मारामारी झाली. डीजेवाला गाणं बंद करायला विसरला, त्यामुळं सगळ्यांचे फटके ठेक्यात पडत होते. पोल्ट्रीवाल्याचे समोरचे दात गेले. जेसीबीवाल्याचा कान वरच्या कडेनं फाटला, लोंबत होता, आणि तो त्याला हातानं जागेवर दाबून धरून दुसऱ्या हातानं मारत होता. नवरदेव हळदीनं पिवळा होता, तो केशरी झाला. हे सगळं मी मांडवाच्या खांबावर चढून बघितलं. नंतर त्यांना खांब दिसला.

इथवर हसायला ठीक आहे. पुढं हसणं कमी झालं. भर उन्हाळ्यात पोल्ट्रीच्या पाण्याचा पाइप कुणी तरी कापला आणि दुपारभरात शेड मेलेल्या पक्ष्यांनी पांढरी झाली. वास माझ्या दुकानापर्यंत आला असं मी म्हणतो, ते अतिशयोक्तीनं, पण गावात लोकांनी नाकाला फडकी बांधली होती हे खरं. मग जेसीबीच्या डिझेलच्या टाकीत वाळू पडली. मग खालच्या आळीच्या एकाला शेतावरून येताना अंधारून आल्यावर गाठून त्याचा गुडघा फोडला. वरची आळी खालच्या विहिरीवर जाईना, खालची आळी वरच्या देवळात. दिवाळी गेली, पौष आला. महोत्सवाच्या बाईंनी वेबसाइट बघून कौतुकाचा निरोप पाठवला होता, तो मी एकट्यानंच वाचला.

आणि शिमगा जवळ आला तेव्हा दोन्ही आळ्यांनी जाहीर केलं की यंदा पहिली काठी आमची. वेबसाइटवर सगळ्या जगानं बघितलंय. आणि काठी निरगुडीची नाही, ऐनाच्या दांडक्याची. ऐनाचं लाकूड आमच्याकडं घराच्या खांबाला वापरतात.

बायकोला हे सासूबाईंकडून फोनवर कळलं. ती विळीवर सुके बोंबील मोडत होती. ती ओरडणारी बाई नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. म्हणाली, "ऐका. माझ्या बापाला काही झालं, तर त्या तुमच्या गॅलरीत शेवटचा फोटो मी चढवीन. तुमचा." आणि बोंबलाचं डोकं मोडलं.

मी आधी गॅलरीच काढून टाकली. संध्याकाळपर्यंत वरच्या आळीत बातमी, खालच्यांनी दाबून काढायला लावली. खालच्या आळीत बातमी, वरच्यांनी. पुन्हा चढवली. तेव्हा तर दोन्हीकडच्यांनी दोनदा दगड मारले, काढली म्हणून एकदा आणि चढवली म्हणून एकदा. शेवटी सासऱ्यांकडं गेलो. म्हटलं, मामा, यंदा नका उभे राहू. ताप आला म्हणून सांगू. पाय मुरगळला म्हणून सांगू. मी तुमचा पाय खरोखर मुरगळून देतो.

ते ओट्यावर बसून गोणपाटात पेंढा भरत होते. मधे मधे मुठीनं दाबून बघायचे, कुठं पोकळ राहिलंय का.

"गेल्या साली खालच्या आळीतली ती बाय आली होती," ते म्हणाले. "नवरा हायवेवर टँकरखाली गेला ती. काठी घेऊन पुढ्यात उभी रायली आन् हात उचलेना तिचा. मला म्हनाली, पुढल्या साली मारीन. ती यंदा येनार हाय. मी नाय गेलो तर तिनं कुनाला मारायचं रं?"

मी शेजारी बसून पेंढा भरू लागलो. जास्तच भरला. उखळात भात कांडावा तसा ठेचून भरला.

धुळवडीच्या सकाळी मी बायकोला कठड्यावर उभं केलं, फोन तिच्या हातात दिला, आणि मी स्वतः मैदानात, राक्षसाच्या जवळ. राक्षस नाचत आला. पोरं किंचाळली, पण मोठी माणसं हसली नाहीत. वरची आळी एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला. पोल्ट्रीवाला पुढं आला, नवे दात बसवलेले. जेसीबीवाला पुढं आला, कानाला शिवणीची गाठ. दोघांच्या हातात मनगटाएवढे दांडके. दोघं एकमेकांकडंच बघत होते. राक्षसाकडं कुणी बघितलंच नाही. सासऱ्यांनी रीतीप्रमाणं वरच्या आळीकडं पाठ फिरवली आणि पाय रोवले.

दोन्ही दांडके एकदम पडले. एक मुखवट्यावर, एक खांद्यावर. मुखवट्याला कपाळापासून हनुवटीपर्यंत तडा गेला, तो आवाज सगळ्यांनी ऐकला. खांद्याचा आवाज बारीक होता, वाळकी काटकी पायाखाली यावी तेवढा, आणि तो मी जवळ होतो म्हणून मलाच ऐकू आला. राक्षस गुडघ्यावर आला. आणि दोघांनी त्याच्या डोक्यावरून एकमेकांना मारायला सुरुवात केली. पयली माझी. माझी पयली. मागून दोन्ही आळ्या धावल्या.

मी आजवर बऱ्याच मारामाऱ्या सांगितल्यात आणि वाढवून सांगितल्यात. ही वाढवता येत नाही. भावानं मेव्हण्याला मारलं. शिक्षकानं आपल्या विद्यार्थ्याच्या तोंडावर राखेचं घमेलं फेकलं, राखेत निखारे होते. एक म्हातारी खाली पडली आणि तिच्या हातावर कुणाचा तरी बूट पडला, पुन्हा पडला. मी सासऱ्यांवर पालथा पडलो होतो आणि माझ्या पाठीवर कोण कोण उतरलं ते मला कळलं नाही. तोंडात माती आणि रक्त यांची चव एकच असते.

मग माझ्या खालून राक्षस हलला. त्यानं मला बाजूला लोटलं आणि उभा राहिला. डावा हात लोंबत होता. उजव्या हातानं त्यानं मुखवटा सोडवला आणि खाली टाकला. हे कधी झालं नव्हतं. मैदानात राक्षसाचं तोंड कधी कुणी बघितलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं आत कोण आहे, पण बघितलं नव्हतं. कपाळ फुटलेलं, एक डोळा रक्तानं मिटलेला, आणि तो रोजचा कोंबड्या हुसकावणारा माणूस.

"राक्षस संपला," ते म्हणाले. "आता मानूस उभा हाय. मारा."

मोठ्यानं नाही म्हणाले. पण जवळच्यांनी हात थांबवले, ते बघून मागच्यांनी थांबवले. सासऱ्यांनी वाकून एक ऐनाचा दांडका उचलला. सगळ्यात जवळ मी होतो. पहिला फटका त्यांनी मला घातला, मांडीवर, असा की मी बसलो तो बसलोच. मग पोल्ट्रीवाल्याला, दंडावर. मग जेसीबीवाल्याला, त्याच जागी. दोघांनी हात वर केला नाही. दांडका टाकून त्यांनी गर्दीत बघितलं आणि एका डोळ्यानं शोधून काढलं.

"बाय, ये गं. तुझी रायलीय."

ती आली. गर्दीनं वाट दिली, दोन्ही आळ्यांनी मिळून दिली. तिच्या हातात निरगुडीची काठी होती, सालसुद्धा न सोललेली. सासऱ्यांनी मला खुणेनं मुखवटा मागितला. मी कसाबसा उठलो आणि तड्यावर फुटून झालेले दोन तुकडे हातांनी जोडून त्यांच्या तोंडावर धरले. त्यांनी पाठ फिरवली. तिनं एक मारली. थांबली.

"आजून," मुखवट्यातून आवाज आला.

ती मारत राहिली. काठी मोडली तेव्हा हातात उरलेल्या तुकड्यानं मारली. मी मुखवटा धरून समोर उभा होतो, त्यामुळं भोकातला एक उघडा डोळा मला दिसत होता आणि त्यांच्या खांद्यावरून तीही दिसत होती. मारणाऱ्यांच्या रडण्याबद्दल सासरे जे म्हणाले होते ते खरं होतं. मग ते पडले. पाडलं त्यांना तिनंच.

गळपट्टीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. दवाखान्यात सांगितलं, हात खांद्याच्या वर जाणार नाही, आणि असली नाटकं पुन्हा नाहीत. पोल्ट्रीवाला आणि जेसीबीवाला दवाखान्याच्या पायरीवर बसून होते. एकाच पायरीवर, दोन टोकांना. त्या बाजूनं जाणाऱ्यांना वाटलं असेल दोन भाऊ आहेत आणि बाप आत आहे.

पुढच्या शिमग्याच्या आधी मंडळ बसलं. प्रश्न दोन. राक्षस कोण, आणि पहिली काठी कुणाची. दुसरा प्रश्न लवकर सुटला. पहिली काठी त्या बाईनं मारायची. यावर वरची आळी काही बोलली नाही, खालची आळी काही बोलली नाही, आणि त्या गावात हेच एकमत समजतात. राक्षसावर मात कुणी पुढं येईना. तेव्हा जिचा हात तुडवला गेला होता ती म्हातारी कोपऱ्यातून म्हणाली, रीत काय हाय, राक्षसानं ज्याला पयल्यांदा मारलं तो पुढला राक्षस. अशी रीत कधी नव्हती. राक्षसानं कुणाला मारलंच नव्हतं तर रीत कुठून येणार? पण ती म्हणाल्याबरोबर सगळ्यांना आठवलं की अशीच रीत आहे, आणि सगळं मंडळ माझ्याकडं वळलं. दोन्ही आळ्यांच्या तोंडावर इतका आनंद मी हळदीच्या मटणालाही बघितला नव्हता.

तर आता मी राक्षस आहे. मुखवट्याला तारेनं शिवलंय. पेंढा सासरे भरतात, एका हातानं, आणि मुद्दाम सैल भरतात असा माझा संशय आहे. पहिल्या वर्षी गावानं मला ज्या आपुलकीनं हाणलं ते बघून शहरातून आलेल्या महोत्सवाच्या बाई रडल्या. ज्यांनी फ्लेक्सवर फोटो लहान आला म्हणून वर्षानुवर्षं मनात ठेवलं होतं, त्यांनी मनातलं सगळं काढलं. लांबच्या वाडीतले, ज्यांचा या गावाशी काही संबंध नाही, तेही एक काठी मारून गेले. बहुतेक माझी जुनी गिऱ्हाइकं.

संध्याकाळी मी ओसरीत पालथा पडलो होतो, सासूबाई निरगुडीचा पाला गरम करत होत्या. बायकोनं शेकायच्या आधी माझ्या पाठीचा फोटो काढला. मानेपासून कमरेपर्यंत वळच वळ, एकावर एक, आडवे, तिरपे, कुणाचा कुठं सुरू झाला आणि कुणाचा कुठं संपला काही कळत नाही. मी तसाच पालथा राहून, एका बोटानं, आधीची सगळी गॅलरी पुसली. सगळी घरं, सगळ्या काठ्या. आणि होमपेजवर तो एकच फोटो चढवला. खाली काही लिहिलं नाही.

थोड्या वेळात जेसीबीवाल्याचा फोन. उजव्या खांद्यावरचा तो जाडजूड वळ आमचा ना, पावनं? म्हटलं, तुमचाच. मग पोल्ट्रीवाल्याचा. उजव्या खांद्यावरचा तो आमचाच ना? म्हटलं, दुसऱ्या कुणाचा असणार. दोघंही खूश. तेव्हापासून दरवर्षी धुळवडीला हाच उद्योग. जुनी पाठ काढायची, नवी चढवायची.

त्या पहिल्या संध्याकाळी सासऱ्यांनीही फोन मागून घेतला. चष्मा लावला. बोटांनी फोटो मोठा केला आणि वरपासून खालपर्यंत, शेतात बांध तपासावेत तसा, सावकाश बघत गेले. पुन्हा वरून सुरुवात केली.

"हिच्यात त्या बायचा वळ कुठं दिसत नाय," ते म्हणाले.

मी सांगितलं, मारली तिनं, सगळ्यांच्या आधी मारली. पण मारली म्हणजे नुसती टेकवली. मान वळवून मुखवट्याच्या भोकातून बघत होतो मी, तिनं नुसती काठी पाठीला टेकवली आणि मागं सरली.

सासऱ्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग फोन माझ्या उशाशी ठेवला.

"असू दे," म्हणाले. "यंदा फोटू ह्योच ठेवा."